सहा धागे लांब

ऋतुजा माळवदेने सात वर्षांत कुणाच्या घरी चहा घेतला नव्हता. करंजपुरात ही गोष्ट सोपी नाही. इथे पोस्टमनच्याही हातात कप दिला जातो आणि तो रिकामा झाल्याशिवाय त्याला उंबऱ्यावरून हलू देत नाहीत. पण ऋतुजाने जमवलं. आधी पित्त होतं म्हणाली, मग उपास आहे म्हणाली, मग काही म्हणायचंच सोडलं. दोन वर्षांत बायका बोलवेनाशा झाल्या. तिसऱ्या वर्षी इंदूबाईंची लेक जरा शिष्टच आहे असं गल्लीत ठरलं. चौथ्या वर्षी तिच्याविषयी बोलणंही थांबलं. तिला नेमकं तेच हवं होतं.

नगरपरिषदेचं पत्र फोनवर आलं तेव्हा ती सहा वर्षांच्या रेवाची वेणी घालत होती. तिने ते एका डोळ्याने वाचलं, मग दोन्ही डोळ्यांनी.

‘विकास आराखडा अपील मंडळ. अपील क्रमांक चौदा. सदस्य म्हणून आपली नियुक्ती झाली आहे. अपीलकर्ते : विनायकराव शंकरराव काटवटे. अपीलकर्त्यापासून आपले अंतर : सहा.’

“आई, दुखतंय,” रेवा म्हणाली. ऋतुजाने हातातला पेड नकळत करकचून ओढला होता. तिने तो सैल केला, लेकीच्या भांगावर ओठ टेकले आणि पुन्हा पहिल्यापासून वेणी घालायला घेतली. या वेळी फार हळू घातली.

*

गावाचा आराखडा म्हणजे एक रंगीत नकाशा. राहायची जागा पिवळी, शेती हिरवी, दवाखाने-शाळा लाल. पिवळ्यात कारखाना चालत नाही, हिरव्यात इमारत चालत नाही. कुणाचं बांधकाम रंगात बसत नसलं की मुख्याधिकारी ते पाडायचा किंवा बंद करायचा आदेश काढतात. त्या माणसाला हा आदेश मान्य नसेल तर तो अपील करतो, आणि अपील ऐकायला तीन जणांचं मंडळ बसतं. सवलत द्यायची की नाही हे ते तिघं ठरवतात.

हे तिघं कोण असावेत, हाच खरा प्रश्न असतो.

पूर्वी ते नगराध्यक्ष नेमायचे. म्हणजे एक मेहुणा, एक दूध संघातला भागीदार आणि तिसरा ज्याला नगरसेवकपदाचं तिकीट नाकारलं म्हणून समजूत काढायची आहे असा. अकरा वर्षांपूर्वी करंजपूरचे नगराध्यक्ष होते विनायकराव काटवटे. गाव त्यांना आप्पा म्हणायचं. मंडळाच्या अध्यक्षपदी त्यांनी स्वतःलाच नेमलं होतं.

ऋतुजाची आई, इंदूबाई, घराच्या पडवीत मिरची कुटायचा डंक चालवायची. नवरा गेल्यावर त्याच डंकावर तिने मुलीला शिकवलं. एके दिवशी आदेश आला की ही जागा पिवळी आहे, इथे यंत्र चालणार नाही. आप्पांच्या पुतण्याने महिन्याभरापूर्वीच बाजारात मोठी मसाला गिरणी टाकली होती. इंदूबाईंनी अपील केलं. शेजाऱ्यांच्या सह्या, आवाज मोजल्याचा दाखला, सतरा वर्षांच्या पावत्या, सगळं प्लॅस्टिकच्या फायलीत लावून ती लेकीला घेऊन गेली. ऋतुजा तेव्हा तेवीस वर्षांची होती. ती फाईल कुणी उघडलीही नाही.

“बाई,” आप्पा म्हणाले होते, “मिरची कुटायला घरात खलबत्ता नाही का तुमच्या?”

मेहुणा हसला, दूध संघवाला हसला, शिपाईही हसला. चार मिनिटांत अपील नामंजूर. डंक भंगारात गेला. इंदूबाई लोकांकडे पोळ्या लाटायला जाऊ लागली आणि तीन वर्षांनी, कसलाही मोठा आजार नसताना, हळूहळू विझत जाऊन गेली. शेवटच्या दिवसांत ती लेकीला एवढंच विचारायची, “त्यांनी फाईल उघडली असती, तर गं?”

आणि त्याच वर्षी सरकारने अंतरयंत्र आणलं.

*

अंतरयंत्राचा शोध मुळात लागला साथीच्या रोगांच्या अभ्यासात. पुण्यातल्या काही गणितज्ञ बायका, रोग माणसाकडून माणसाकडे कसा जातो, याची जाळी मांडत बसल्या होत्या. मांडता मांडता त्यांच्या लक्षात आलं की वशिलाही असाच पसरतो. तोही ओळखीओळखीतून जातो, जवळच्याला जास्त लागतो, लांबच्याला कमी. आणि चौथ्या माणसापर्यंत पोचेतो त्याचा जोर संपतो.

म्हणून प्रत्येक नातं म्हणजे एक धागा असं त्यांनी धरलं. लग्नपत्रिकेत कुणाखाली कुणाचं नाव आहे, चौकातल्या फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणून कुणाचे चेहरे आहेत, कोण कुणाच्या बारशाला गेलं, कोण कुणाला किती वेळा फोन करतं, या सगळ्यांतून यंत्र धागे विणतं. फोनवर काय बोललं गेलं ते ऐकत नाही, तेवढी लाज कायद्याने ठेवली आहे. धंद्यातला संबंधही मोजत नाही, नाहीतर किराणा दुकानदार सगळ्यांचाच नातलग ठरला असता. एका माणसापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला जितके धागे ओलांडावे लागतात, तितकं त्यांचं अंतर. अपील मंडळावर बसायचं तर अपीलकर्त्यापासून किमान चार धागे लांब असलं पाहिजे. त्यातही जे सगळ्यांत लांब, ते तिघं. चिठ्ठी नाही, शिफारस नाही, नगराध्यक्ष नाही.

शिवाय धागे झिजतात. किरणोत्सारी धातूसारखं प्रत्येक नात्याला अर्धायुष्य असतं. ये-जा थांबली की शेजार पाच महिन्यांत निम्मा होतो, वर्गमैत्री तीन वर्षांत, सासरची नाती सात वर्षांत. फार झिजलेला धागा यंत्र मोजतच नाही. रक्ताचं तेवढं एका मर्यादेखाली उतरत नाही.

करंजपुरासारख्या वीस हजारांच्या गावात आप्पांसारख्या माणसापासून चार धागे लांब कोण असणार? यंत्र आलं तेव्हा अशी जेमतेम अकरा माणसं निघाली. तो आकडा नगरपरिषदेच्या ऑनलाइन पाटीवर सगळ्यांना दिसतो. नावं नियुक्तीपर्यंत दिसत नाहीत.

तो आकडा पहिल्यांदा पाहिला त्या दिवशी ऋतुजाने ठरवलं की आपण सगळ्यांत लांब जायचं. आप्पांसारखा माणूस आज ना उद्या काहीतरी वेडंवाकडं बांधणार आणि अपिलात येणार, याची तिला खात्री होती.

तिने पद्धतशीर काम केलं. आलेल्या तीन स्थळांतून तुषारला हो म्हटलं, कारण तो खानदेशातला, त्याचं करंजपुरात कुणी नव्हतं, आणि नोकरी कच्छच्या सौरप्रकल्पावर. प्रेम नंतर जडलं, त्याला तिचा इलाज नव्हता. मैत्रिणी सुटल्या. मामेबहीण स्नेहलचं लग्न आप्पांच्या डेअरीतल्या हिशेबनीसाशी ठरलं तेव्हा ती पत्रिकेचा मसुदा घेऊन आली होती. ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ या ओळीखाली वर्षभराच्या रेवाचं नाव होतं.

“रेवाचं नाव काढ,” ऋतुजा म्हणाली.

“अगं, एवढीशी तर आहे. गोड दिसतं.”

“काढ म्हटलं ना.”

स्नेहलने पर्समधून पेन काढलं, नाव खोडलं आणि पेन पुन्हा पर्समध्ये ठेवायला तिला बराच वेळ लागला. लग्नाला ऋतुजा गेली नाही.

आणि वैराचं काय? ते यंत्राला दिसत नव्हतं. वैराची कुणी पत्रिका छापत नाही. जुन्या मंडळाच्या फायली यंत्रात घातल्या असत्या तर इंदूबाईंचं अपील सापडलं असतं, पण त्या घालू नयेत असा ठराव खुद्द आप्पांनीच जाता जाता करून घेतला होता. त्यांना स्वतःचे मेहुणे झाकायचे होते. त्यांनी ऋतुजाला झाकलं.

*

सुनावणीच्या दिवशी ती आईची फिकट जांभळी साडी नेसली. उजवीकडे बसले होते पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर पिंपळापुरे, मूळचे वर्ध्याकडचे, चाळिशीतले, एकटे राहणारे. सहा वर्षांत गावातल्या म्हशींशिवाय त्यांची कुणाशी ओळख झाली नव्हती. डावीकडे निवृत्त परिचारिका आगाशे सिस्टर.

आप्पा आले. केस पांढरे झाले होते, पण चाल तीच. त्यांनी ऋतुजाकडे पाहिलं, हात जोडले. ओळखीची खूण काही दिसली नाही. इंदूबाई कोण, हे त्यांना आठवायचं कारणच नव्हतं.

प्रकरण होतं ‘स्नेहबंध’ मंगल कार्यालयाचं. आप्पांनी ते सरकारी प्रसूतिगृहाच्या भिंतीला लागून, लाल जागेत बांधलं होतं. मुख्याधिकाऱ्यांचा आदेश होता : पाडा.

“बॅन्ड बंद, मध्ये उंच भिंत, रात्री आठनंतर कार्यक्रम नाही,” आतल्या खोलीत डॉक्टर पिंपळापुरे म्हणाले. “एवढ्या अटी घालून सवलत देता येते जी. कायद्यात बसते. दीडशे लोक कामाला आहेत तिथे.”

“मी त्या प्रसूतिगृहात तीस वर्षं काढली,” आगाशे सिस्टर म्हणाल्या. “बाळंतिणीला कळा सुरू असताना शेजारी सनई नको. माझं मत नामंजूर.”

दोघं ऋतुजाकडे बघू लागले. डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे हे तिला कळत होतं. दुसरं कुणी अपीलकर्ता असता तर तिनेही अटींवर सवलत दिली असती. तिने आप्पांची जाड फाईल स्वतःकडे ओढली, तिच्यावर तळवा ठेवला आणि ती उघडली नाही.

“नामंजूर,” ती म्हणाली.

निकाल तिनेच वाचून दाखवला. आप्पांचा खालचा ओठ किंचित लोंबला. एवढंच. पण घरी येताना तिला रस्ता रुंद वाटत होता. त्या संध्याकाळी तिने रेवाला विनाकारण शिरा करून घातला.

*

निकाल पक्का व्हायला चाळीस दिवस असतात. तेवढ्यात कुणा सदस्याचं अपीलकर्त्यापासूनचं अंतर चारच्या खाली आलं, तर निकाल रद्द होतो आणि नवे तिघं नेमले जातात. सदस्याने मागाहून लाच खाऊ नये म्हणून हा नियम.

आप्पांना नियम समजायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी त्यांनी प्रेम करायला सुरुवात केली.

आधी आल्या त्यांच्या सुनेच्या मैत्रिणी, हळदीकुंकवाला. ऋतुजाने दाराला साखळी लावून आतूनच नमस्कार केला. मग भजनी मंडळाचा प्रसाद आला, मग महिला बचतगटाच्या अध्यक्षपदाचा आग्रह. ऋतुजा हाती लागेना तेव्हा आप्पांची माणसं तिच्या भोवतीच्यांना धरू लागली. दूधवालीच्या मुलीच्या साखरपुड्याला आप्पा स्वतः गेले. रिक्षावाल्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, त्यात आप्पा मधोमध. शाळेच्या बाई, शेजारचे आजोबा, कोपऱ्यावरचा शिंपी, सगळ्यांना आप्पांकडची बोलावणी, सहकुटुंब सहपरिवार. गावात इतका जिव्हाळा कधी कुणी पाहिला नव्हता.

एके दुपारी आप्पा स्वतःच फाटकाशी आले. बरोबर कुणी नाही.

“ताई, ऊन फार आहे. घोटभर पाणी द्याल का?”

ऋतुजा पायरीवर उभी राहिली. म्हातारा खरंच घामाघूम झाला होता.

“नळ बाहेर आहे,” ती म्हणाली. “डाव्या हाताला.”

त्यांनी नळाखाली ओंजळ धरली, प्यायले, तोंड पुसलं. “तुमच्यासारखी कडक माणसं हवीत गावाला,” ते म्हणाले आणि हसत निघून गेले.

स्नेहल आली त्या दिवशी मात्र ऋतुजा डगमगली. पाच वर्षांनी बहीण दारात होती. अंगाने भरली होती, कानांत मामींच्या कुड्या.

“मला पाठवलंय असं समजू नकोस,” स्नेहल म्हणाली.

“मग आजच कशी आठवण झाली?”

“आठवण रोजच होते. आज धीर झाला.”

खरं असेल. किंवा डेअरीतल्या नवऱ्याला आप्पांनी सांगितलं असेल. आता कोण कशासाठी आलंय हे ओळखायची सोयच उरली नव्हती. ऋतुजाने दार लोटलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. बाहेर चपला बराच वेळ वाजल्या नाहीत. मग वाजल्या.

“किती दिवस राहिले?” तुषारने कच्छवरून फोनवर विचारलं.

“नऊ.”

“आणि नऊ दिवसांनी तू आनंदात असशील?”

“त्यांचं कार्यालय पाडताना बघेन ना.”

“तसं नाही विचारलं मी,” तो म्हणाला. ऋतुजाने रेंज गेल्यासारखं केलं.

*

एकतिसाव्या दिवशी फरीदा शेख यांचा फोन आला. त्या नगरपरिषदेत अपील मंडळाचं टेबल सांभाळत.

“माळवदे मॅडम, तुमचं अंतर तीनवर आलंय. निकाल रद्द झाला.”

“शक्य नाही. मी कुणाशीही बोललेली नाही.”

“तुम्ही नाही. तुमच्या मुलीने.”

शाळेत बाईंनी ‘मैत्रीचं झाड’ केलं होतं. प्रत्येक मुलाने एका पानावर आपलं नाव लिहायचं, शेजारच्या पानावर आपल्या सगळ्यांत लाडक्या मित्राचं, आणि दोन्ही पानं एकाच डहाळीला चिकटवायची. शाळेने झाडाचा फोटो टाकला आणि यंत्राने तो वाचला. एका पानावर रेवा माळवदे, दुसऱ्यावर शर्वी काटवटे. ऋतुजापासून रेवा एक, रेवापासून शर्वी दोन, शर्वीपासून तिचे आजोबा तीन.

शर्वी ही आप्पांची नात. सातारच्या इंग्रजी शाळेतून वर्षाच्या अधेमधे काढून तिला करंजपूरच्या नगरपरिषद शाळा क्रमांक तीनमध्ये घातलं होतं. निकालानंतर बरोबर पाचव्या दिवशी.

रेवा घरी आली ती गाणं म्हणत. ऋतुजाने तिचा दंड धरला.

“ती शर्वी. तिच्याशी बोलायचं नाही. कळलं?”

“का?”

“तिच्या आजोबांनी पाठवलंय तिला. मुद्दाम. ती तुझी मैत्रीण नाहीये.”

रेवा विचारात पडली. “पण तिला शिट्टी येते,” ती म्हणाली. “आणि ती मला शिकवते. आणि तिला अंधाराची भीती वाटते ते तिने फक्त मला सांगितलंय.” मग म्हणाली, “आई, माझ्याशी याच्या आधी कुणी डबा बदलला नव्हता.”

ऋतुजाने दंड सोडला. गोऱ्या कातडीवर तिच्या चार बोटांचे वळ उठले होते. ती खाली बसली आणि त्यांवर खोबरेल तेल चोळू लागली, फार वेळ, ते गेल्यावरही. सहा वर्षांत या पोरीला एकाही वाढदिवसाचं बोलावणं आलं नव्हतं, आणि तिने कधी विचारलंही नव्हतं. ती समजत होती की सगळ्यांचं असंच असतं.

“शिट्टी वाजवून दाखव,” ऋतुजा म्हणाली.

रेवाने ओठांचा चंबू केला. नुसती हवा आली. दोघी हसल्या. पण हसताना ऋतुजाचा आप्पांवरचा राग तसूभरही कमी झाला नव्हता. उलट त्यात आता हेही पडलं होतं, की तो माणूस तिच्या लेकीच्या पहिल्या मैत्रीतही हात घालून गेला.

*

दुसऱ्या दिवशी ती नगरपरिषदेत गेली. फरीदा शेख डबा उघडत होत्या, तो त्यांनी बंद केला.

“आता पुढे काय?” ऋतुजाने विचारलं.

“एक तारखेला यंत्र नवे तिघं नेमेल. नवी सुनावणी.”

“आता कितीजण पात्र आहेत?”

फरीदांनी पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर तीनचा आकडा होता.

“अकराचे तीन कसे झाले?”

“कसे म्हणजे? आप्पांनी गावात कुणाला सोडलंय का? तुमच्यापर्यंत पोचायला अख्ख्या गावाची बारशी-साखरपुडे केले. जो तो त्यांचा स्नेही झालाय.” फरीदांनी आवाज खाली आणला. “मी या टेबलावर आठ वर्षं आहे. एवढा खालचा आकडा पहिल्यांदा बघतेय.”

तिघांतले दोघं कोण हे ऋतुजाला माहीत होतं, त्यांच्याबरोबर ती बसली होती; अंतर घटलं होतं ते फक्त तिचं, ते दोघं अजून पात्रच होते. आगाशे सिस्टर आणि डॉक्टर पिंपळापुरे. तिसरं कुणीही असो. डॉक्टर अटींवर सवलत देणार, आणि तिसऱ्याला आपल्या बाजूला वळवणार. शांतपणे, पटवून. कार्यालय वाचणार.

“आणि तिनाचे दोन झाले तर?” ती म्हणाली.

“तर मंडळ बसूच शकत नाही.”

“मग बाहेरगावची माणसं आणतात?”

“कायद्यात नाही. स्थानिकच पाहिजेत.” फरीदांनी खणातून नियमांची पुस्तिका काढली, शेवटचं पान उलगडलं, बोट ठेवलं. “‘पात्र सदस्य उपलब्ध न झाल्यास मुख्याधिकाऱ्यांचा मूळ आदेश अंतिम समजावा.’ पुन्हा अपील नाही. इथपर्यंत कुणी वाचतच नाही, मॅडम. गरज पडली नाही कधी.”

ऋतुजाने ते वाक्य दोनदा वाचलं. मग पदर सावरला आणि म्हणाली, “शेख मॅडम, तुमच्या डब्यात काय आहे? वास छान येतोय.”

फरीदांनी डबा पुन्हा उघडला आणि तिच्यापुढे सरकवला.

*

आप्पांच्या नातवाचं, शर्वीच्या धाकट्या भावाचं जावळ एकोणतीस तारखेला होतं. निकाल रद्द झाल्याच्या आनंदात आप्पांनी गावजेवण ठेवलं होतं. बोलावणं ऋतुजालाही आलं होतं, रिवाज म्हणून. ती येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

ती आली. रेवाला चंदेरी टिकल्यांचा परकर, स्वतः मोरपिशी साडीत. शर्वी धावत आली आणि रेवाला ओढत घेऊन गेली. आप्पा जागचे उठले.

“ताई, तुम्ही?”

“निकालाचं झालं ते झालं, आप्पा. पोरींची मैत्री आहे, आपण कशाला मध्ये यायचं?”

आप्पांचे डोळे भरून आले. ते नाटक नव्हतं. माणसं जिंकायची त्यांना खरीच आवड होती, आणि ही सगळ्यांत अवघड होती. “मोठ्या मनाच्या आहात,” ते म्हणाले.

मांडवात तिने नजर फिरवली. आगाशे सिस्टर आल्या नव्हत्या, येणारही नव्हत्या. डॉक्टर पिंपळापुरे मात्र होते. कडेच्या खुर्चीवर, इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर भेटवस्तूचं पाकीट धरून. नुसतं जेवून गेले असते तर काही बिघडलं नसतं, सगळ्या गावालाच बोलावणं असलं की ती हजेरी यंत्र धरत नाही.

न्हावीकाका आले. चौरंग मांडला. जावळ काढताना बाळ मामाच्या मांडीवर बसतं. आप्पांच्या सुनेला भाऊ नव्हता. ती एकुलती, माहेर वर्ध्याचं; शर्वीकडून ऐकून रेवाने हे घरी कधीच सांगितलं होतं. थोडी कुजबुज सुरू झाली.

“मानलेला मामा बसवू,” आप्पा म्हणाले. “आपल्या डेअरीचा दिनकर आहे की.”

“दिनकर घरचाच झाला, आप्पा,” ऋतुजा म्हणाली. आवाज तिने मऊच ठेवला. “मामा माहेरच्या वाटेने यावा. सूनबाई वर्ध्याच्या ना? आपले डॉक्टर तिकडचेच. मुलखाचा माणूस आहे. भाऊच झाला तिचा.”

सुनेने चमकून वर पाहिलं. “डॉक्टर, तुम्ही वर्ध्याचे?”

“आर्वीचा जी,” डॉक्टर उभे राहिले. “पण मी काय... मला येत नाही काही हे. राहू द्या ना जी.”

“यायचं काय असतं त्यात?” ऋतुजा त्यांच्याजवळ गेली. “बाळ धरायचं. वासरं धरता ना रोज?”

मांडव हसला. सून पुढे झाली आणि माहेरच्या बोलीत म्हणाली, “या ना दादा. माझ्याकडचं कोणीच नाही जी आलं.”

डॉक्टर चौरंगावर बसले. बाळ त्यांच्या मांडीत ठेवलं गेलं तेव्हा त्यांनी श्वास रोखून धरला. न्हाव्याने पहिली बट कातरली. बाळ रडेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण त्याने डॉक्टरांचं बोट पकडलं आणि टक लावून बघत राहिलं. डॉक्टरांचा चष्मा धुकटला. तो पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून सुनेनेच पदराने पुसला. आप्पांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. कुणीतरी फोटो काढला आणि तिथल्या तिथे गावाच्या ग्रुपवर टाकला : मामा डॉ. पिंपळापुरे यांच्या मांडीवर काटवटे कुलदीपक. डॉक्टरांपासून बाळ एक, बाळापासून आजोबा दोन.

ऋतुजाने फोन पर्समधून काढला, नगरपरिषदेची पाटी उघडली आणि वाट बघत राहिली. न्हाव्याचं काम संपलं. बाळाच्या तुळतुळीत डोक्यावर हळदीचं स्वस्तिक काढलं. डॉक्टर त्याला खांद्यावर घेऊन सगळ्यांना दाखवत फिरत होते. सहा वर्षांत त्यांना इतकं बोलताना गावाने पाहिलं नव्हतं.

पाटीवरच्या तीनचे दोन झाले.

परवा एक तारीख. त्यानंतर जेसीबी यायला आठवडा लागेल, फार तर दहा दिवस. आप्पांनी हे सगळं आपल्याच ताटातलं वाढून घडवलं, हे त्यांना कधी कळेल? फरीदा शेख पुस्तिकेचं शेवटचं पान उघडून दाखवतील तेव्हा. त्या वेळी त्यांचा चेहरा बघायला आपण तिथे असलं पाहिजे, ऋतुजाने ठरवलं.

“ताई, जेवून जायचं,” आप्पा तिच्यासमोर उभे होते. “मनात काही ठेवू नका.”

“नाही ठेवत,” ती म्हणाली आणि पानावर बसली. बासुंदी दोनदा घेतली.

मांडवामागच्या चिंचेखाली रेवा आणि शर्वी एकमेकींचे हात धरून गरगर फिरत होत्या. मधूनच थांबायच्या, ओठांचा चंबू करायच्या. एकदा रेवाच्या तोंडून बारीकशी, तुटकी शिट्टी निघाली आणि दोघी जमिनीवर लोळून हसल्या. दहा दिवसांनी शर्वीला पुन्हा सातारला पाठवतील. किंवा पाठवणार नाहीत, पण रेवाशी बोलू देणार नाहीत. का, हे रेवा विचारेल, आणि या वेळी आईकडे खरं उत्तर असेल.

सगळ्या बायका उठल्या. ऋतुजाने हात धुतले, चपला शोधल्या, दोन्ही पायांत घातल्या.

“आई, निघायचं?” लांबून रेवाने ओरडून विचारलं. टिकल्यांचा परकर मातीने भरला होता.

“थांब अजून,” ऋतुजा म्हणाली. तिने चपला पुन्हा काढल्या आणि चिंचेच्या सावलीत खुर्ची ओढून बसली. “खेळ अर्धा तास.”